दोन प्रतींचा पूर्वज



स्मृतिव्याख्यान म्हटलं की विषय साहित्याचा, समाजकारणाचा, गेला बाजार इतिहासाचा असणार, अशी सभागृहाची समजूत असते. आज मी संगणकाच्या प्रोग्रॅमबद्दल बोलणार आहे. त्यातही प्रोग्रॅम लिहावा कसा हा भाग बाजूला ठेवतो. लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चार जणांनी चार ठिकाणी बसून केलेले बदल एकमेकांना द्यावेत कसे आणि घ्यावेत कसे, एवढाच आजचा प्रश्न. मराठी माणूस सुरतेत बोलायला उभा राहिला की श्रोत्यांपैकी कुणाच्या तरी मनात शिवाजी महाराजांच्या सुरत-लुटीचं १६६४ साल डोकावतंच, तेव्हा ते आधीच उरकून टाकू. त्या साली सुरतेतून जे उचललं गेलं ते सुरतेत उरलं नाही. कोडचं तसं नसतं. कोड कुणी नेला तरी जागच्या जागी राहतो. एकाचे दोन होतात, दोनाचे दहा होतात, आणि कुणाचंच काही जात नाही. मग अडचण कसली? अडचण अशी, की दहाही ठिकाणी माणसं त्यात हात घालू लागतात. महिन्याभरानं दहा प्रती समोरासमोर ठेवल्या तर एकही दुसरीशी जुळत नाही, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते.

ही अडचण या शहराला परकी नाही. कापडबाजारातल्या गाळ्याची बिलं, हिऱ्याच्या कारखान्यातला मालाचा हिशेब, एम्ब्रॉयडरीच्या यंत्रांची कामं, या सगळ्यामागे आज सॉफ्टवेअर आहे, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कचेऱ्या पुष्कळदा पाच-दहा माणसांच्या असतात. अशा ठिकाणी बदल फिरतात कसे? फोल्डर झिप करायचं आणि व्हॉट्सॲपवर टाकायचं, नाहीतर पेनड्राइव्हवर द्यायचं. फोल्डरचं नाव ‘फायनल’. आठवड्यानं ‘नवीन फायनल’. महिन्यानं ‘फायनल सुधारित, हेच वापरणे’. हसलात ना? म्हणजे हे फोल्डर तुमच्याही संगणकात आहे. माझं म्हणणं असं, की बदल वाटून घेण्यात प्रत देणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत बिनमहत्त्वाचा भाग आहे. द्यायचा असतो तो नेमका फरक, त्याच्यासोबत करणाऱ्याचं नाव आणि कारण, आणि हा फरक आधीच्या कोणत्या प्रतीवर केला त्या पूर्वजाचा पत्ता. हा पत्ता लोक सर्रास विसरतात, आणि माझ्या मते मोलाचा ऐवज तोच आहे.

आधी फरकाकडे येऊ. मराठी पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं, ते तुम्हाला आठवत असेल. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. चारशे पानांचं पुस्तक पुन्हा छापून पाठवण्याऐवजी एक पान पाठवायचं, आणि वाचकानं आपल्या प्रतीत पेन्सिलीनं दुरुस्ती करायची. प्रोग्रॅमर ज्याला पॅच म्हणतात ते नेमकं हेच आहे: कोणत्या फाईलच्या कोणत्या ओळीत काय होतं आणि आता काय हवं. सुरतेत हे सांगताना दादोबा पांडुरंग आठवतात. ज्यांनी २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजींच्या सोबतीनं याच गावात मानवधर्म सभा स्थापन केली, तेच हे मराठीचे वैयाकरण. त्यांचं व्याकरण १८३६ साली आलं, आवृत्तीमागून आवृत्तीत सुधारत गेलं, आणि १८८१ साली त्यांनी मोठ्या व्याकरणाला स्वतंत्र पूरणिका जोडली. मूळ ग्रंथ वाचकाकडे आहे असं गृहीत धरून फक्त भर वेगळी छापायची, ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. पण शुद्धिपत्राची एक अट असते. ते ज्या आवृत्तीचं असेल त्याच आवृत्तीला लागू पडतं. दुसऱ्या आवृत्तीचं शुद्धिपत्र तिसरीवर लावलंत तर पान हुकणार, ओळ हुकणार, आणि चांगला शब्द खोडला जाणार. म्हणजे फरकाला पूर्वज लागतोच. पूर्वजाविना फरक म्हणजे पत्त्याविना पत्र.

संगणकाच्या जगाला हे समजायला थोडा वेळ लागला. तो इतिहास मी भराभर सांगतो, कारण त्यात रमण्यासारखं फार नाही. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी बदलांची नोंद ठेवणारी पहिली प्रणाली केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्टर टिकी यांची आरसीएस आली. तिच्यात फाईलला कुलूप लावायची सोय होती: एकानं फाईल घेतली की दुसऱ्यानं थांबायचं. भांडण टळतं, कामही टळतं. कुलूप लावणारा जेवायला गेला की कचेरी बसून. पुढे सीव्हीएस आली, तिनं कुलूप काढलं आणि दोघांना एकाच वेळी काम करू दिलं, पण सगळी नोंद एका मध्यवर्ती यंत्रावर ठेवली. १९८५ साली लॅरी वॉल यांनी शुद्धिपत्र आपोआप लावणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि ईमेलनं बदल पाठवण्याची रीत रूढ झाली. लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा पहिली दहा-अकरा वर्षं याच रीतीनं वाढला: माणसं पॅच पाठवत, लिनुस टॉरवाल्ड्स ते घेत किंवा टाकून देत. कसलीही रिपॉझिटरी, म्हणजे बदलांचं नोंदकोठार, नाही. ही रीत इतकी वर्षं चालली याचं कौतुक करावं की आश्चर्य, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. समजा तुमच्यापुढे दोन प्रती आहेत. एकीत शंभर ओळी, दुसरीत एकशेदहा. जादा दहा ओळी दुसरीत कुणी घातल्या, की पहिलीतून कुणी काढल्या? कितीही वेळ दोन्हींकडे बघत बसा, उत्तर त्यांत नाही. घातल्या असतील तर पहिलीतही घालायला हव्यात, काढल्या असतील तर दुसरीतूनही काढायला हव्यात. दोन्ही कृती एकमेकींच्या नेमक्या उलट, आणि पुरावा एकच! आता कुणी तिसरी प्रत आणून ठेवली, जिच्यापासून या दोन्ही निघाल्या. तिच्यात त्या दहा ओळी नसतील तर त्या घातलेल्या, असतील तर काढलेल्या. प्रश्न क्षणात सुटला. संगणकावर दोघांचे बदल एकत्र करणं, ज्याला मर्ज म्हणतात, ते याच तत्त्वावर चालतं. यंत्र आधी दोन प्रतींचा सर्वांत जवळचा समान पूर्वज शोधतं, मग प्रत्येकानं त्यापासून काय बदललं ते बघतं. वेगवेगळ्या जागी बदल असतील तर दोन्ही घेतं. एकाच ओळीवर दोघांनी वेगवेगळा हात फिरवला असेल तर थांबतं आणि माणसाला विचारतं. तिथे ते स्वतःची अक्कल चालवत नाही, ही त्याची मोठी सभ्यता.

पण पूर्वज हरवलेला असेल तर? मग काय करावं लागतं याचं उत्तर पुण्याला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, आणि १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या, एकूण १,२५९. प्रत्येक पोथी म्हणजे कुणीतरी कुठूनतरी उतरवून घेतलेली प्रत. उतरवताना कुठे चूक झालेली, कुठे मुद्दाम भर घातलेली, कुठे दोन परंपरा एकत्र शिवलेल्या. दक्षिणेकडचं आदिपर्व उत्तरेकडच्यापेक्षा बरंच ऐसपैस. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, शंभर आणि एकशेदहा ओळींचा, फक्त एका फाईलऐवजी एका संस्कृतीच्या आकाराचा. दक्षिणेनं घातलं की उत्तरेनं गाळलं? पोथ्यांवर ‘ही अमुक पोथीवरून उतरवली’ असा पत्ता फार थोड्या ठिकाणी. म्हणून सुकथनकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटं काम केलं: श्लोक श्लोक, अक्षर अक्षर ताडून पाहिलं, पोथ्यांची कुळं लावली, आणि हरवलेल्या पूर्वजाचा अंदाज बांधला. सुकथनकर १९४३ साली गेले. पुढे बेलवलकर आले, त्यांच्यामागून प. ल. वैद्य आले, आणि १९६६ साली काम पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. पूर्वजाचा पत्ता लिहून न ठेवण्याची ही किंमत आहे, आणि ती पूर्वज विसरणाऱ्यांनी मोजलेली नाही, नातवंडांनी मोजली.

त्या कामातली एक गोष्ट मला आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची वाटते. गणपतीनं व्यासांचा लेखक होऊन महाभारत लिहून घेतलं, ही आपल्या घराघरातली कथा. सुकथनकरांनी ती मुख्य संहितेतून काढली, कारण पोथ्यांचा पुरावा तिच्या बाजूनं नव्हता. अनेकांना ते आजही खटकतं. पण त्यांनी ती फेकून दिली का? नाही. परिशिष्टात ठेवली. पानोपानी खाली पाठभेद दिले, कोणता पाठ कोणत्या पोथीत आहे त्याच्या खुणा दिल्या. ज्याला संपादकांचा निर्णय पटत नाही त्याला त्याच पुराव्यावरून वेगळा निर्णय करता येतो. नाकारलेला बदलसुद्धा नाव-गाव लावून नोंदवायचा, ही शिस्त. संपादकाचा अधिकार तिच्यामुळे कमी होत नाही. तो अधिकार लोकांनी मानावा असा होतो.

आता पुन्हा संगणकाकडे, २००५ साली या. लिनक्सचे लोक तेव्हा बिटकीपर ही एका खासगी कंपनीची प्रणाली फुकट वापरत होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये वाद झाला आणि फुकट वापराची सवलत कंपनीनं मागे घेतली. टॉरवाल्ड्सनी काही दिवसांतच स्वतःची प्रणाली लिहायला घेतली, आणि ७ एप्रिल २००५ रोजी ती स्वतःचेच बदल स्वतःमध्ये नोंदवू लागली. तिचं नाव गिट. जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती गिटवरून निघाली, जुलैअखेर टॉरवाल्ड्सनी गिटचा कारभार जुनियो हमानो यांच्याकडे सोपवला आणि ते आपल्या कामाला गेले. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला, म्हणजे कमिटला, चाळीस अक्षरांची खूण असते. ती कुणी देत नाही. नोंदीतला मजकूर, करणाऱ्याचं नाव, वेळ, कारण आणि पूर्वजाची खूण, या सगळ्यांवरून गणितानं ती निघते. पूर्वजाची खूण पोटात असल्यामुळे जुन्या इतिहासातलं एक अक्षर जरी कुणी बदललं तरी पुढच्या सगळ्या खुणा बदलतात, आणि ज्याच्याकडे आधीची प्रत आहे त्याला ते लगेच कळतं. (२०१७ साली या गणिताच्या जुन्या पद्धतीत फट दाखवली गेली, तिच्यावर उपायही लगोलग झाले, पंडितांसाठी सांगितलं, बाकीच्यांनी विसरावं.) शिवाय गिटमध्ये रिपॉझिटरी घेणाऱ्याला सर्वसाधारणपणे आख्खा इतिहास मिळतो. मूळ कुणाकडे आणि नक्कल कुणाकडे, हा भेद यंत्राच्या लेखी नाही.

याचा उपयोग काय, असं विचाराल तर गिटच्याही आधीचा दाखला देतो. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या कोडमध्ये कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर बघता त्या एका चुकीची तपासणी करत होत्या. प्रत्यक्षात तुलनेसाठी जिथे बरोबरची दोन चिन्हं हवीत तिथे एकच होतं, आणि त्यामुळे साध्या वापरकर्त्याला यंत्राचा सर्वाधिकार मिळाला असता. ही करामत मुख्य रिपॉझिटरीत झाली नव्हती. तिच्यावरून काढलेल्या सीव्हीएसच्या प्रतीत झाली होती. सापडली कशी? मूळ आणि प्रत ताडून पाहताना प्रतीत एक बदल असा निघाला, की ज्याला मुळात पूर्वज नव्हता, मंजुरी नव्हती. ओळी वाचून तो चोर कुणी पकडलाच असता असं मला वाटत नाही. तो पकडला गेला कुळावरून.

आणि प्रतींच्या संख्येचं म्हणाल तर सुरतेला ते कुणी सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. ज्याचं दप्तर एकाच जागी, तेही तळमजल्यावर, त्याला एकुलत्या प्रतीचा अर्थ त्या आठवड्यात कळला. २०११ साली लिनक्सच्या मुख्य सर्व्हरमध्येच घुसखोरी झाली, काही आठवडे तो बंद ठेवावा लागला. पण कोड हरवल्याची भीती कुणी बाळगली नाही, कारण तोच इतिहास, त्याच खुणांसकट, हजारो लोकांच्या यंत्रांवर होता.

इथवर माझ्या बाजूचं झालं. आता समोरच्या बाजूचं ऐकू, आणि ती बाजू लेचीपेची नाही. पहिला आक्षेप व्यवहाराचा: पाच माणसांच्या कचेरीला हे अवजड आहे. गिऱ्हाईक फोनवर ओरडत असताना कमिट, ब्रँच, मर्ज करत कोण बसणार? मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. गिट शिकायला सोपं नाही, त्याच्या आज्ञा चमत्कारिक आहेत. पण ओरडणाऱ्या गिऱ्हाईकाच्या वेळीच प्रश्न हा असतो, की गेल्या मंगळवारपर्यंत बिल बरोबर निघत होतं, मग मंगळवारनंतर काय बदललं? ‘नवीन फायनल’ आणि ‘फायनल सुधारित’ यांच्यात त्याचं उत्तर शोधणं म्हणजे लहानसं भांडारकर मंदिर उघडणं. लहान कचेरीला तर ते अजिबातच परवडणारं नाही.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. तुम्ही म्हणता प्रत्येकाकडे पूर्ण प्रत, पण आज बहुतेकांचा कोड गिटहबसारख्या एका कंपनीच्या दारातून जातो. २००८ साली सुरू झालेली ती जागा २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. मग मध्यवर्ती यंत्र गेलं कुठे? हा आक्षेप खरा आहे, आणि आपल्या देशानं तो अनुभवलेला आहे. २०१४ च्या डिसेंबरअखेर सरकारच्या आदेशानं बत्तीस संकेतस्थळं अडवली गेली, त्यांत गिटहब होतं. २०१९ साली अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या प्रोग्रॅमरांची खाती आखडली गेली. अशा वेळी कोड जात नाही, तो तुमच्या यंत्रावर असतो. ईमेलनं पॅच पाठवता येतात, आख्खी रिपॉझिटरी एका फाईलमध्ये बांधून देता येते, दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवर ठेवता येते. पण चर्चा जाते. हा बदल का घेतला, तो का नाकारला, कुणी काय शंका काढली, हे सगळं पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे बदल घेण्याच्या विनंतीच्या, पानावर असतं, आणि ते पान कंपनीच्या घरी असतं. कोड तुमच्याकडे, कारण त्यांच्याकडे! यावर उपाय तंत्रात नाही, सवयीत आहे. लिनक्सवाले कारण कमिटच्या निवेदनातच लिहितात, कधी कधी बदल दोन ओळींचा आणि निवेदन दोन परिच्छेदांचं. आपल्याकडे निवेदनात ‘बदल केला’ एवढंच लिहायची पद्धत आहे. बदल केला हे दिसतंच आहे हो. का केला ते सांगा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत रसाळ वाटतो, कारण तो मराठीत चारशे वर्षं चालू आहे. इतिहास इतका जपायचा कशाला? वाचकाला स्वच्छ संहिता द्या, चुका आणि चाचपडणं दाखवू नका. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तीनेकशे वर्षांत प्रतींमागून प्रती होताना तिच्यात पाठभेद शिरले होते, ते त्यांनी निस्तरले, आणि यापुढे कुणी आपली ओवी आत घालू नये असंही बजावून ठेवलं. मराठीतला हा पहिला मोठा संपादक. पण त्यांनी काय बदललं, कोणता पाठ टाकला, कोणत्या पोथ्या समोर होत्या, याची नोंद आपल्याला मिळालेली नाही. म्हणून १९०९ साली इतिहाससंशोधक राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापली तेव्हा जो वाद पेटला तो पुरता विझलेला नाही. यात एकनाथांना दोष देता येईल का? मला वाटतं, नाही. त्यांना लोकांच्या हातात नीट वाचता येईल असा ग्रंथ द्यायचा होता, आणि तो त्यांनी दिला. स्वच्छ प्रतीची गरज खोटी नव्हे. गिटमध्येही रिबेस नावाची सोय आहे. तिनं स्वतःच्या कच्च्या नोंदी पुसून, जुळवून, नीटनेटक्या करून मांडता येतात, आणि चांगले प्रोग्रॅमर तसं करतातही. पण त्याला एक मर्यादा सगळे पाळतात: जे अजून कुणाला दिलेलं नाही तेच पुसायचं. एकदा वाटलेला इतिहास पुसलात, तर ज्यांनी त्यावर पुढचं काम उभं केलं त्यांच्या पायाखालचा पूर्वज गेला. वाटून झाल्यावर चूक कळली तर तिच्या उलट बदल नवीन नोंद म्हणून करायचा, आणि दोन्ही राहू द्यायचे. माझ्या घरात मी एकनाथ, चारचौघांत सुकथनकर, असं म्हणा हवं तर.

सरकारी कामात हा फरक ठळक दिसतो. एप्रिल २०२० मध्ये आरोग्यसेतू ॲप आलं, कोट्यवधींनी ते घेतलं, आणि टीका वाढल्यावर २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला झाला. पाऊल चांगलंच होतं. पण जाणकारांचा आक्षेप असा होता, की इथे ठेवलेला कोड आणि फोनमध्ये चालणारं ॲप एकच आहेत हे नागरिकानं ताडून पाहावं कसं. तयार प्रत चौकात ठेवणं वेगळं आणि ती ज्या रिपॉझिटरीत घडते ती रिपॉझिटरी उघडी ठेवणं वेगळं. पहिल्यात तुम्ही वाचक असता, दुसऱ्यात साक्षीदार.

कुणी म्हणेल, इतकी साक्ष असूनही २०२४ साली एक्सझेडचं प्रकरण झालंच की. झालं. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं साधन. एका टोपणनावाच्या माणसानं दोनेक वर्षं त्यात चांगले बदल देऊन विश्वास कमावला, कारभारात वाटा मिळवला, आणि मग छुपं दार बसवलं. मार्चअखेर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं, त्यानं पाठपुरावा केला, आणि तो प्रकार उघडकीला आला. माझ्या युक्तिवादाला हा धक्का आहे का? निम्मा आहे. छुपं दार चालू करणारी ओळ रिपॉझिटरीत नव्हतीच. ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती, म्हणजे आपल्या झिप फाईलच्या भावकीत. ज्यांनी गाठोडं आणि रिपॉझिटरी ताडून पाहिली असती त्यांना फरक दिसला असता. उरलेला निम्मा माल मात्र रिपॉझिटरीतच होता, चाचणीच्या फायलींच्या रूपात, आणि त्या फायली माणसाला वाचता न येणाऱ्या होत्या. इथे मी हात टेकतो. फरक वाचता येत नसेल तर नोंद असून उपयोग अर्धाच. एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करणाऱ्या मंडळींनी हे लक्षात घ्यावं: टाक्यांची डीएसटी फाईल रिपॉझिटरीत ठेवलीत तर कोणती प्रत कधीची आणि कुणाची हे कळेल, पण कोणता टाका हलला ते ओळीओळीनं दिसणार नाही. याउलट मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हा टंक घ्या. देवनागरीसाठी मुक्त, गुजरातीसाठी त्याचंच भावंड मुक्त वाणी, दोन्ही खुल्या परवान्याचे. सुरतेतल्या कुणाला गुजराती जोडाक्षराचं वळण खटकलं, तर ते नेमकं सुचवता येतं, आणि सुचवणाऱ्याचं नाव त्या बदलाला चिकटून राहतं.

नावाच्या या चिकटण्याबद्दलही तक्रार आहे, आणि ती तरुण मुलांची आहे. कोणती ओळ कुणी लिहिली हे एका आज्ञेनं दिसतं, मग साहेब त्यावरून हजेरी घेणार, कमिट मोजून पगार ठरवणार. असे साहेब आहेत, नाही कशाला म्हणू? कमिट मोजून कामाचं माप काढणं हे ओव्या मोजून कवी ठरवण्यासारखं आहे. पण हीच नोंद धाकट्याच्या बाजूनंही उभी राहते. गिटमध्ये बदल लिहिणारा आणि तो दाखल करणारा यांची नावं वेगवेगळी राहतात; वरिष्ठानं दाखल केला म्हणून तो वरिष्ठाचा होत नाही. आणि वेळ आली तर ती संस्थेच्या बाजूनंही उभी राहते. २००३ साली एससीओ नावाच्या कंपनीनं, आपला कोड लिनक्समध्ये घातला असा दावा करून आयबीएमवर खटला भरला. त्यानंतर, २००४ पासून, लिनक्सला बदल देणारा प्रत्येक जण खाली सही करून सांगतो, की हे देण्याचा मला हक्क आहे.

हक्काचा विषय निघाला म्हणून शेवटचा मुद्दा. एवढी कुळाची नोंद ठेवली की माणसं फुटणार नाहीत असं मुळीच नाही. फुटतात, आणि आपल्या मंडळांइतक्याच उत्साहानं फुटतात. डिसेंबर २०१४ मध्ये नोड या प्रसिद्ध प्रणालीतले कार्यकर्ते कारभारावर नाराज होऊन वेगळे झाले, आयओ.जेएस नावानं त्यांनी वेगळी चूल मांडली. नऊ-दहा महिन्यांत समेट झाला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये दोन्ही पुन्हा एक होऊन चौथी आवृत्ती निघाली. समेट माणसांनी केला, श्रेय त्यांचंच. पण समेटानंतर ‘तुमचं घ्यायचं की आमचं’ यात वर्षं गेली नाहीत, कारण फुटले त्या दिवशीचा पूर्वज दोघांकडे होता आणि पुढचा प्रत्येक बदल नोंदलेला होता. आता दुसरं उदाहरण बघा. २०१० साली ओपनऑफिस या कचेरीकामाच्या सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस फुटलं. पूर्वज तोच, नोंदी तशाच. तरी ती दोन्ही एकत्र आली नाहीत, आणि बदलांची वाहतूकही एकाच दिशेनं होत राहिली: ‘अपाचे’ या मोकळ्या परवान्यामुळे ओपनऑफिसचे बदल लिब्रेऑफिसला घेता येतात, लिब्रेऑफिसचा परवाना वेगळा असल्यानं उलट दिशेनं ते घेता येत नाहीत. म्हणजे यंत्र जोडून देईल, पण घ्यायची परवानगी यंत्र देत नाही. रिपॉझिटरी खुली ठेवली आणि तिच्यात परवान्याची फाईलच नसली, तर कायद्यानं तिला वाचण्यापलीकडे हात लावता येतो की नाही हाच प्रश्न उभा राहतो. सुरतेतल्या कुणाला आपलं काम खरोखर वाटायचं असेल, तर पहिल्याच कमिटमध्ये ती फाईल घालावी. मागाहून घालायची तर तोवर बदल दिलेल्या एकेकाची संमती गोळा करत फिरावं लागतं, आणि ती फाईल नसताना बदल दिलेल्यांपैकी निम्मे तोवर नोकरी बदलून गेलेले असतात.